भ्रमर-कीटक न्यायाची उलटतपासणी

गेल्या कार्तिकात आमच्या देवळाच्या सभामंडपात भागवताच्या एकादश स्कंधावर कीर्तन झाले. बुवांनी अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान लावले होते. पृथ्वी, वायू, आकाश अशी वाट चालत ते रात्री दहाच्या सुमारास चोविसाव्या गुरूपाशी येऊन पोचले. हा गुरू म्हणजे पेशस्कृत्; संतांच्या मराठीतील भिंगुरटी आणि आपल्या घरातील कुंभारीण. ती एक अळी धरून आणते, भिंतीवरच्या मातीच्या घरट्यात कोंडते, आणि भयाने रात्रंदिवस तिचेच ध्यान करणारी ती अळी अखेर तद्रूप होऊन, पंख फुटून, कुंभारीण होऊनच बाहेर पडते. बुवांनी हे इतक्या रसाळपणे सांगितले की पखवाजीही क्षणभर हात थांबवून ऐकत राहिला. त्याच वेळी आमच्या मागे बसलेला आमचा भाचा, जो यंदा बारावीला शास्त्रशाखेत आहे, कानाशी येऊन म्हणाला, "मामा, अळीची कुंभारीण होत नाही. कुंभारणीची पिल्ले तिला खातात."

आम्ही त्याला तेथे गप्प केले. कीर्तनात उलटतपासणी करण्याची रीत नाही. परंतु घरी आल्यावर झोप येईना. मुलगा खोटे बोलत नव्हता हे आम्हांस ठाऊक होते, आणि बुवाही आपल्या पदरचे काही सांगत नव्हते. जो दृष्टान्त आम्ही आजीच्या मांडीवर बसून ऐकला, तो आचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'विवेकचूडामणी'त आणि 'अपरोक्षानुभूती'त आहे. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत त्याचा विस्तार केला आहे. असा दृष्टान्त एका वाक्यात निकालात निघावा हे मनाला रुचेना. आणि वकिलीत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला, पुरावा न पाहता त्याच्या बाजूने उभे राहणेही रुचेना. म्हणून या प्रकरणाचे कागद आम्ही मुळापासून वाचावयास घेतले.

प्रथम वस्तुस्थिती. कुंभारीण ही गांधीलमाशीच्या जातीची, पण एकटी राहणारी. ती ओली माती गोळ्या-गोळ्यांनी आणून सुपारीएवढे, आखूड गळ्याचे मडके घडवते. भांडे तयार झाले की त्याच्या छतापासून एका बारीक तंतूने आपले अंडे लोंबत ठेवते, आणि मग रानात जाऊन पतंगांच्या हिरव्या अळ्या धरून आणते. प्रत्येक अळीला ती नांगी मारते. त्या दंशाने अळी मरत नाही, लुळी पडते. अशा काही अळ्या भरून झाल्या की मडक्याचे तोंड लिंपून ती निघून जाते आणि पुन्हा त्या मडक्याकडे फिरकत नाही. आत अंड्यातून निघालेले पिलू त्या ताज्या अन्नावर वाढते, कोश करते, आणि काही आठवड्यांनी भिंत कुरतडून नवी कुंभारीण बाहेर येते. मातीचे घरटे करणारी हिची एक चुलत बहीण अळ्यांऐवजी कोळी भरते; तेव्हा भिंतीवरचे प्रत्येक घरटे एकाच मालकिणीचे समजू नये.

आता या घटनेत डोळ्यांना दिसण्याजोगे काय आहे ते पाहा. अळी आत नेताना दिसते. तोंड बंद झालेले दिसते. मध्येच कोणी मडके फोडले तर आत अळी निश्चल पण जिवंत, जणू समाधी लागलेली, अशी दिसते. शेवटी बाहेर येते ती कुंभारीण. आत दुसरा कोणी गेल्याचे कोणी पाहिलेले नाही, कारण अंडे अगोदरच ठेवलेले असते आणि ते तांदळाच्या कणीहून फारसे मोठे नसते. शिवाय अळीचे फुलपाखरू होते ही गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक. अळीचे पाखरू होऊ शकते, तर कुंभारीण का होऊ नये? आमच्या धंद्यात याला परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. त्याचा नियम असा, की साखळीची प्रत्येक कडी पक्की हवी आणि तिच्यातून एकच निष्कर्ष निघाला पाहिजे. येथे कड्या सगळ्या खऱ्या होत्या. दुसरा निष्कर्ष निघू शकतो हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. ज्यांनी हा दृष्टान्त रचला त्यांनी पाहिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी पाहिले, आणि पुष्कळ बारकाईने पाहिले. फक्त त्यांनी मडके योग्य दिवशी फोडले नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. 'भ्रमर' हा शब्द या प्रकरणात उगीच अडकला आहे. भुंगा फुलांवर जगतो. तो अळ्या धरून नेत नाही. भागवतातील 'पेशस्कृत्' म्हणजे रूप घडविणारा, हा शब्द अधिक नेमका आहे, आणि आपली 'कुंभारीण' तर त्याहूनही.

आमची समजूत होती की हा दृष्टान्त केवळ आपल्याकडचा. तशी गोष्ट नाही. चीन देशातील 'शी चिंग' या प्राचीन गीतसंग्रहात एक ओळ आहे, तिच्यात मिंगलिंग नावाच्या अळीची पिल्ले कुओलुओ नावाची गांधीलमाशी वाहून नेते असा उल्लेख येतो. भाष्यकारांनी त्याचा अर्थ असा लावला की या माशीला स्वतःची संतती होत नाही, म्हणून ती परक्या अळीला घरी नेऊन आपले मूल करते. इसवी सनाच्या आरंभीच्या काळातील यांग श्युंग या पंडिताने त्यावर आणखी रंग चढविला: माशी त्या अळीपुढे बसून 'माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो' असे घोकते आणि कालांतराने अळी तशी होते, कन्फ्यूशियसचे सत्तर शिष्य असेच आपल्या गुरूसारखे झाले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे शिष्य गुरूचे ध्यान करतो, तेथे गुरू शिष्याच्या कानी मंत्र सांगतो. एवढाच काय तो भेद. दोन संस्कृतींनी एकच मडके पाहिले, एकच चूक केली, आणि त्या चुकीतून गुरुशिष्यांचाच दृष्टान्त काढला. चिनी भाषेत दत्तक मुलाला 'मिंगलिंग-पुत्र' म्हणण्याचा प्रघात पडला तो यातूनच. आम्ही दत्तकाचे पुष्कळ दावे चालविले आहेत. दत्तक पुत्राने औरस पुत्राची छाया धारण करावी असे 'दत्तकमीमांसे'चे सांगणे आहे, पण त्या छायेला नांगी असू शकते हे आम्हांस चिनी शब्दकोशाने शिकविले.

चिनी लोकांचे भाग्य असे, की त्यांच्यात ताओ हुंगचिंग नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. हा ४५६ ते ५३६ या काळातला, ताओपंथी विरक्त आणि औषधींचा जाणकार. इ. स. ५०० च्या सुमारास त्याने जुन्या औषधिग्रंथावर टीका लिहिली. गांधीलमाशीच्या प्रकरणाशी येऊन तो गीतसंग्रहाच्या भाष्यकारांवर विसंबून राहिला नाही. बारीक कमरेची ही माशी भिंतीवर मातीच्या नळ्या करते, बाजरीच्या दाण्याएवढी अंडी घालते, गवतावरचे दहाबारा कोळी भरून तोंड बंद करते, आणि हे कोळी तिच्या पोरांचे अन्न होत, असे त्याने स्वच्छ लिहिले. बोरूच्या पोकळीत घर करणारी दुसरी जात हिरव्या अळ्या नेते, हेही त्याने सांगितले. म्हणजे आमच्या भाच्याचे विधान एका विरक्त साधूने दीड हजार वर्षांपूर्वी केले होते. तरीही जुने भाष्य मागे हटावयास तयार नव्हते. त्याच्यानंतरही वाद चालूच राहिला, आणि १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ली शृजन याच्या प्रचंड औषधिकोशात, स्वतः निरीक्षण करून, ताओचे म्हणणे खरे असा निर्वाळा पुन्हा द्यावा लागला. ज्या पिढीत काशीत नाथांची टीका पुरी झाली, त्याच पिढीत चीनमध्ये हा निकाल कायम झाला.

युरोपियनांना आपल्यावर हसण्याचा अधिकार नाही. त्यांच्याकडे कुंभारणीऐवजी दुसऱ्या एका जातीने घोटाळा केला. या माश्या मडके करीत नाहीत. रानात हिंडणाऱ्या अळीच्या अंगातच अंडी घालतात. अळी पाने खात राहते, आतली पिल्ले अळीला खात राहतात, आणि एके दिवशी तिची कातडी फोडून बाहेर पडून तेथेच कोश विणतात. बोलोन्याच्या आल्द्रोव्हांदी याने १६०२ च्या ग्रंथात कोबीवरच्या अळीभोवतीचे हे कोश पाहिले आणि ती अळीची अंडी समजली. हॉलंडमधील मिडलबर्गचा चित्रकार यान खुडार्ट तर अळ्या घरी पाळून त्यांची चित्रे काढीत असे. सारख्या दिसणाऱ्या अळ्यांपैकी एकीतून फुलपाखरू निघाले आणि दुसरीतून बारीक माश्यांचा घोळका. त्याने दोन्ही प्रामाणिकपणे नोंदविले, आणि एकाच जातीच्या अळीला दोन प्रकारची परिणती असते असे मानले. फ्लॉरेन्सचा फ्रांचेस्को रेदी, ज्याने १६६८ मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून त्यात आपोआप किडे होत नाहीत हे सिद्ध केले, तोही झाडांच्या गाठींतून निघणाऱ्या किड्यांच्या बाबतीत अडखळला. झाडाच्या आत्म्यापासूनच ते उपजतात अशी तोड त्याने काढली! अठराव्या शतकाच्या तोंडावर इटलीत व्हालिस्निएरी आणि हॉलंडमध्ये लेवेनहुक यांनी, बाहेरून आलेली माशीच आपली अंडी दुसऱ्या किड्याच्या देहात ठेवते, हे प्रत्यक्ष दाखविले तेव्हा कोठे गाठ सुटली. म्हणजे चीनमधल्या ताओनंतर सुमारे बाराशे वर्षांनी.

फ्रान्सच्या दक्षिणेत राहणाऱ्या फाब्र नावाच्या शाळामास्तराने हा विषय घरोघरी नेला. त्याच्या आठवणींचा पहिला खंड १८७९ मध्ये निघाला. कुंभारणीच्या मडक्याला खिडकी पाडून आत लोंबणारे अंडे पाहणारा हाच. अळीच्या शरीरातील मज्जातंतूंच्या गाठी नेमक्या हेरून माशी एकामागून एक डंख करते, शल्यवैद्यालाही हे साधणार नाही, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेतील पेकहॅम दांपत्याने १८९८ मध्ये त्याला मुरड घातली: काही अळ्या डंखाने मरूनही जातात आणि मेलेल्या अळीवरही पिलू छान पोसते. आश्चर्याची मात्रा थोडी कमी झाली, पण पुरावा अधिक विश्वसनीय झाला.

या दुसऱ्या, देहात शिरणाऱ्या जातींना 'पॅरासिटॉइड' हे नाव फिनलंडच्या रॉयटर या कीटकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दिले. उवा किंवा जंत यांना आपण परोपजीवी म्हणतो. यजमान जगला तरच त्यांचा निभाव. पॅरासिटॉइड यजमानाला शेवटी मारतोच, पण आपले पोट भरेपर्यंत मरू देत नाही. काटेकोर बोलावयाचे तर अनेक अळ्यांचा साठा करणारी आपली कुंभारीण या व्याख्येत पुरती बसत नाही. ती शिकारी आणि पॅरासिटॉइड यांच्या सीमेवर राहते. सीमेवर राहणाऱ्यांची अडचण आमच्या वाचकांना निराळी सांगावयास नको.

याच माश्यांनी डार्विनला अस्वस्थ केले. २२ मे १८६० रोजी अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात, दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने जिवंत अळीचे अंग खाऊन जगण्यासाठी या माश्या मुद्दाम निर्माण केल्या हे आपल्याने मानवत नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले. ज्या धर्मकल्पनेत सृष्टीतील प्रत्येक वस्तू कर्त्याच्या सद्हेतूची साक्ष द्यावयास उभी केली जाते, तिला हा साक्षीदार फितूर होतो. आपल्या परंपरेला हा प्रश्न याच स्वरूपात पडत नाही. जीवाने जीवावर जगावे हे भागवतकारांनी कोठे लपविलेले नाही. परंतु म्हणून आपण त्यातून सुटलो असे समजणे घाईचे होईल. डार्विनने त्या अळीकडे पाहिले. आपण मात्र तिला समाधी लागली असे म्हणून शतकानुशतके तिच्या यातनेचा उत्सव केला. हे लिहिताना आम्हांस बरे वाटत नाही, पण लिहिणे प्राप्त आहे.

गेल्या पन्नास वर्षांत मिळालेला पुरावा तर कादंबरीकाराला सुचला नसता असा आहे. अळीच्या रक्तातील पेशी परक्या अंड्याला वेढून ते गुदमरवू शकतात. मग माशीचे अंडे वाचते कसे? १९८१ मध्ये अमेरिकी 'सायन्स' नियतकालिकात चार संशोधकांनी दाखविले की तंबाखूवरील एका पतंगाच्या अळीत माशी अंड्याबरोबर विषाणूंचे कण सोडते, आणि ते कण काढून टाकले तर अंडे तगत नाही. हे कण माशीच्या अंडाशयातच तयार होतात. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी, अशाच माश्यांच्या दुसऱ्या एका कुळातले विषाणू मुळात एका खऱ्या विषाणूपासून आलेले असून ते सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी माशीच्या वंशात कायमचे मुरले, असे सिद्ध केले. शत्रू दत्तक घेतला तो हा असा! २००८ मध्ये ब्राझीलमधून आलेले वर्तमान त्याहून विलक्षण. तेथील एका पतंगाच्या अळीतून माशीची पिल्ले बाहेर पडून कोश करतात, तरीही अळी मरत नाही. ती खाणे सोडते, त्या कोशांवर वाकून राहते, आणि कोणी शत्रू जवळ आला तर डोके जोराने हिसडून त्याला पिटाळते. माश्या उडून जाईपर्यंत ती पहारा देते आणि मग मरते. पतंग ती कधीच होत नाही.

आता एखादा उत्साही गृहस्थ उठून म्हणेल, "पाहा, अळी खरोखरच तन्मय होते! आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते." या युक्तिवादाला आमची हरकत आहे. पूर्वजांनी सांगितलेली गोष्ट निराळी, हा पुरावा निराळा. ब्राझीलची अळी माशी होत नाही. तिचे शरीर दुसऱ्याच्या कामाला जुंपले जाते. जो दस्तऐवज लिहिलाच गेला नाही, त्यावर आजची तारीख टाकून तो पूर्वजांच्या नावे दाखल करणे याला कोर्टात काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. पूर्वजांचा मान राखण्यासाठी बनावट कागदाची गरज नसते.

मग दृष्टान्ताचे काय? आचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांगून ठेवले आहे की दृष्टान्त विवक्षित अंशापुरताच घ्यावयाचा. तो सर्वांगांनी जुळला तर दृष्टान्तच उरणार नाही. आणि गीताभाष्याच्या अखेरीस ते याहून पुढे जातात: अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी प्रत्यक्षाविरुद्ध ते प्रमाण होत नाही. म्हणजे अळीच्या बाबतीत मुलाचे म्हणणे मान्य करण्याची मुभा खुद्द आचार्यच देतात. इतके सोपे असते तर आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु पक्षकाराची बाजू ताणू नये. नैयायिकांच्या पंचावयवी अनुमानात उदाहरण हा केवळ अलंकार नसतो, तो अनुमानाचा अवयव असतो. उदाहरण पडले तर अनुमान लंगडे होते. भागवतातील अवधूत हे उदाहरण नुसते शोभेसाठी देत नाही. स्नेहाने, द्वेषाने वा भयाने मन जेथे पूर्ण जडते त्याचे रूप येते, असा नियम तो सांगतो आणि कीटक त्याचा साक्षीदार म्हणून उभा करतो. तो साक्षीदार आता उभा राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. दाव्याला दुसरे साक्षीदार आहेत की नाहीत, हे ज्यांनी साधना केली त्यांनी सांगावे. आम्ही त्या कोर्टात वकालतनामा दाखल केलेला नाही.

हे सर्व आम्ही बुवांच्या कानी घातले. आमची अपेक्षा होती की ते रागावतील. ते म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या कुळागरात माडांना काळ्या डोक्याच्या अळीने पछाडले होते. शेतकी खात्याच्या माणसाने नळीतून बारीक काळ्या माश्या आणून सोडल्या. त्या अळीवर अंडी घालून तेथेच राखण करीत बसतात, हे मी या डोळ्यांनी पाहिले. पण त्या माश्या म्हणजे माझ्या आख्यानातल्या भिंगुरटीच्याच भाऊबंद, हे माझ्या ध्यानातच आले नाही." ही गोनिओझस नावाची माशी. माडाची पाने खरवडून खाणाऱ्या पतंगाच्या अळीवर केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ती सोडली जाते, आणि आपली पिल्ले कोशात जाईपर्यंत मादी खरोखरच त्यांच्यापाशी राहते. तिकडे बेळगाव-कोल्हापूरकडचे ऊस पिकविणारे 'ट्रायकोकार्ड' म्हणून कागदाचे तुकडे पानांना टाचतात. त्यांवर चिकटविलेल्या तांदळाच्या पतंगाच्या अंड्यांत अर्ध्या मिलिमीटरची ट्रायकोग्रामा माशी वाढत असते, आणि ती बाहेर पडून खोडकिडीची अंडी नासवते.

बुवांनी पुढच्या कार्तिकात आख्यानात काय बदल करावयाचा हे अद्याप ठरविलेले नाही. आमच्या घरी मात्र एक प्रयोग झाला. कपाटातील जुन्या लॉ रिपोर्टांच्या एका खंडाच्या पाठीवर कुंभारणीने तीन मडकी बांधली होती. भाच्याने तो खंडच जाळीच्या खोक्यात ठेवला आणि रोज सकाळी पाहू लागला. चौथ्या आठवड्यात पहिल्या मडक्यातून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कुंभारीण निघाली. दोन दिवसांनी दुसरीतून तशीच. तिसऱ्यातून मात्र निघाला तो मोरपिशी हिरव्या-निळ्या रंगाचा, काचेसारखा चकाकणारा एक निराळाच कीटक. पुस्तकात पाहिले तेव्हा कळले की ही कोकिळेच्या चालीची गांधीलमाशी. ती कुंभारणीच्या घरट्यात आपले अंडे चोरून ठेवते आणि तिचे पिलू कुंभारणीच्या पिलाला खाऊन टाकते.

बुवा त्या वेळी सोप्यावर चहा घेत बसले होते. त्यांनी तो खोका हातात घेतला, बराच वेळ त्या निळ्या किड्याकडे पाहिले, आणि भाच्याला विचारले, "बाळ, याने कोणाचे ध्यान केले होते म्हणायचे?"